पंधरा मिनिटांचं कार्ड: मेरोपेनेमला दाद न देणाऱ्या जंतूंची ओळख पटवणारी चाचणी घ्यावी का?

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या आयसीयूंमध्ये ‘क्लेब्सिएला, मेरोपेनेम आर’ (म्हणजे क्लेब्सिएला हा जंतू मेरोपेनेम या राखीव अँटिबायोटिकला रेझिस्टंट, दाद न देणारा) असा कल्चर रिपोर्ट आता कुणाला दचकवत नाही. डॉक्टर पान उलटतात, कोलिस्टिन या शेवटच्या फळीतल्या औषधापुढे काय छापलंय ते बघतात आणि ऑर्डर लिहितात. त्याच पानावर आणखी एक ओळ हवी असते आणि बहुतेक वेळा ती नसते: हा जंतू मेरोपेनेमला दाद देत नाही तो नेमका कशाच्या जोरावर? गेल्या काही वर्षांत आलेली महागडी औषधं लागू पडणार की पैसे सलाइनबरोबर वाहून जाणार, हे या एका ओळीवर ठरतं. ती ओळ रिपोर्टात आणायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे कार्बापेनेमेज (मेरोपेनेमच्या गटातली औषधं फोडणारं एन्झाइम) ओळखणारं कार्ड. मलेरिया-डेंग्यूच्या कार्डासारखंच दिसणारं, पंधरा मिनिटांत रेषा दाखवणारं. हे परीक्षण त्या कार्डाचं आहे. नागपुरातल्या मध्यम आकाराच्या लॅबनं ते ठेवावं का, कशावर लावावं आणि कुठे ते तोंडघशी पाडतं, एवढ्यापुरतं.

बाजारात अशी दोन-तीन कार्डं मिळतात. सगळ्यात जास्त अभ्यासलं गेलेलं म्हणजे एनजी बायोटेक या फ्रेंच कंपनीचं एनजी-टेस्ट कार्बा ५. बेल्जियमच्या कोरिस कंपनीची रेझिस्ट मालिकाही चांगल्यापैकी वापरात आहे. खाली दिलेली मापं कार्बा ५ ची आहेत. दुसरं कार्ड घेतलंत तर डब्यातल्या माहितीपत्रकाप्रमाणेच जावं. एका कंपनीचं बफर दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर टाकणं हा काटकसरीचा प्रकार लॅबमध्ये घडतो, आणि त्यातून येणाऱ्या रेषेला काहीही अर्थ नसतो.

आधी कार्ड काय शोधतं ते. ते जंतू मरतो की जगतो हे बघत नाही, जनुकही शोधत नाही. जंतूनं तयार केलेलं एन्झाइम, म्हणजे प्रत्यक्ष प्रथिन, पट्टीवर चिकटवलेल्या प्रतिपिंडांनी पकडतं. अशा एन्झाइमांची पाच कुटुंबं: केपीसी, ऑक्सा-४८, व्हीआयएम, आयएमपी आणि एनडीएम. रेझिस्ट मालिकेतल्या काही कार्डांत आयएमपी नसतं, त्याऐवजी ऑक्सा-१६३ ची वेगळी रेषा असते. म्हणून मागवताना डब्यावरची अक्षरं वाचून घ्यावी.

पाचांपैकी आपल्याकडे दोघांचंच राज्य आहे. एनडीएम आणि ऑक्सा-४८. क्लेब्सिएलात बऱ्याचदा दोघं एकत्रच नांदतात. अमेरिकेत धुमाकूळ घालणारं केपीसी भारतात क्वचित दिसतं, त्यामुळे परदेशी लेखांतले उपचाराचे तक्ते जसेच्या तसे उचलले की घोटाळा होतो. ते तक्ते केपीसी समोर ठेवून केलेले असतात. एनडीएमचं नाव जगासमोर आलं ते स्वीडनमधल्या एका रुग्णामुळे. भारतात रुग्णालयात राहून परतलेल्या त्या रुग्णात २००८ साली हे एन्झाइम असलेला क्लेब्सिएला सापडला, २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि नावात ‘न्यू दिल्ली’ आल्यानं आपल्याकडे बराच गहजब झाला. नावावरून भांडण झालं, एन्झाइम मात्र राहिलं.

आता या नावांचा औषधाशी संबंध. केपीसी आणि ऑक्सा-४८ ही सेरीन या अमिनो आम्लाच्या जोरावर काम करतात. अव्हिबॅक्टम हे एन्झाइम अडवणारं औषध नेमकं तिथेच जाऊन बसतं, म्हणून सेफ्टाझिडिम-अव्हिबॅक्टम त्यांच्यावर चालतं. एनडीएम, व्हीआयएम, आयएमपी ही जस्तावर चालणारी एन्झाइमं. तिथे अव्हिबॅक्टमला बसायला जागाच नाही. एनडीएम असलेल्या रुग्णाला नुसतं सेफ्टाझिडिम-अव्हिबॅक्टम देणं म्हणजे चुकीच्या कुलपाला किल्ली लावत बसणं, आणि किल्ली महागातली. तिथे कामी येतं अझट्रिओनाम हे १९८० च्या दशकातलं जुनं औषध, कारण एनडीएम ते फोडू शकत नाही. अडचण एवढीच की एनडीएम बाळगणाऱ्या जंतूजवळ सहसा ईएसबीएल आणि अ‍ॅम्पसी ही दुसरी एन्झाइमंही असतात, आणि ती अझट्रिओनाम फोडतात. मग त्यांना अडवायला अव्हिबॅक्टम. म्हणून दोन्ही औषधं एकाच वेळी. आधी एक संपवून मग दुसरं लावलं तर रक्तात दोघांची गाठच पडत नाही. अझट्रिओनाम-अव्हिबॅक्टम असं एकाच बाटलीतलं औषध युरोपात २०२४ मध्ये आणि अमेरिकेत २०२५ मध्ये मंजूर झालं.

म्हणजे ऑक्सा-४८ एकट्याची रेषा आली तर एक औषध, एनडीएमची आली तर दोन. कार्डाची खरी किंमत इथे आहे.

भारतात शोधलेल्या औषधांचीही हल्ली चर्चा असते, तिथेही हेच गणित लागतं. चेन्नईच्या ऑर्किड फार्माचं एन्मेटाझोबॅक्टम सेफेपिमबरोबर येतं आणि २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते मुख्यतः ईएसबीएलसाठी, एनडीएमवर त्याची मात्रा चालत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या संशोधन केंद्रातून आलेल्या वोक्हार्टच्या झिडेबॅक्टमची गोष्ट वेगळी आहे. ते एनडीएमला अडवण्याच्या भानगडीत न पडता जंतूच्या भिंतीतल्या पीबीपी-२ या प्रथिनालाच धरतं, सेफेपिम पीबीपी-३ ला धरतं, आणि दोन्हीकडून भिंत ढासळते. त्यामुळे एनडीएमवाल्यांवरही त्याच्याकडून अपेक्षा आहे. कोणतंही घ्या, एन्झाइम माहीत नसेल तर निवड अंदाजपंचेच होते.

करायचं कसं, ते आता जरा जवळून. कॉलनी, म्हणजे प्लेटवर वाढलेला जंतूंचा ठिपका, ताजी हवी, १८ ते २४ तासांची. ब्लड अगार, मॅकॉन्की, म्युलर-हिंटन, कुठलीही चालेल, पण शुद्ध. लघवीच्या नमुन्यात दोन प्रकारच्या कॉलनी मिसळलेल्या असतील तर आधी वेगळ्या कराव्या. नाहीतर रेषा येते क्लेब्सिएलाची आणि रिपोर्ट जातो ई. कोलायच्या नावावर. शक्य असेल तर मेरोपेनेम किंवा त्याच गटातल्या एर्टापेनेमच्या डिस्कच्या (औषध भरलेल्या कागदी चकतीच्या) कडेला लागून वाढलेल्या कॉलनी घ्याव्या. औषधाच्या दबावाखाली वाढलेला जंतू आपलं प्लाझ्मिड (ही जनुकं वाहणारं डीएनएचं कडं) टाकून देत नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर पडलेल्या, औषधाशिवाय तीन-चारदा फिरवलेल्या प्लेटवरून घेतलेली कॉलनी नेमकी याच कारणानं दगा देते.

छोट्या नळीत बफरचे ५ थेंब, म्हणजे साधारण १५० मायक्रोलिटर. १ मायक्रोलिटरच्या लूपनं ३ कॉलनी उचलून त्यात घोळायच्या. व्होर्टेक्सवर ५ सेकंद फिरवायचं. मग १०० मायक्रोलिटर कार्डाच्या खाचेत. पिपेटनं मोजूनच, नळी उलटी करून ओतायचं नाही. घड्याळ लावायचं, १५ मिनिटांनी वाचायचं. कंट्रोलची रेषा आली नाही तर कार्ड बाद. १५ मिनिटांच्या आत उठून दिसणारी रेषा आली तर ती पॉझिटिव्हच, पण निगेटिव्ह म्हणायला पूर्ण १५ मिनिटं थांबावं लागतं. जेवणाची सुट्टी आटोपून तासाभरानं आलेला तंत्रज्ञ जी फिकट रेषा बघतो, ती मोजायची नाही. वेळेत आलेली फिकट रेषा मात्र पॉझिटिव्ह, मग ती कितीही पुसट असो. ट्यूबलाइटखाली वाकडं करून बघावं लागलं तरी. ‘वीक पॉझिटिव्ह’ असा शेरा रिपोर्टात लिहू नये. एन्झाइम थोडं आहे म्हणजे धोका थोडा, असा अर्थ वाचणारा काढतो आणि तो चुकीचा असतो.

हात जड पडणं ही सगळ्यात सामान्य चूक. ‘जास्त टाकलं तर बरं’ म्हणून लूपभर चिखल घोळला जातो. द्रव घट्ट होतो, पट्टीवर नीट सरकत नाही, पार्श्वभूमी लालसर राहते. त्याहून वाईट म्हणजे एनडीएम खूप जास्त असेल तर उलटाच परिणाम होतो. प्रतिपिंड दोन्ही बाजूंनी भरून जातात, सँडविच बनतच नाही आणि रेषा येत नाही. याला प्रोझोन म्हणतात, आणि अशा कार्डांत एनडीएमच्या बाबतीत तो नोंदवला गेला आहे. ताणल्यावर तार सुटते अशा बुळबुळीत क्लेब्सिएला कॉलनीही अशाच फसवतात. डिस्कभोवती अजिबात वर्तुळ नाही, जंतू क्लेब्सिएला आणि कार्ड कोरं, असं जमलं की गप्प बसू नये. तोच द्रव बफरनं दहापट पातळ करून दुसरं कार्ड लावावं. एक कार्ड जास्त जाईल, जाऊ द्यावं.

कोणत्या जंतूवर लावायचं, हे कार्ड विकणारा प्रतिनिधी सहसा सांगत नाही. एन्टेरोबॅक्टर कुटुंबातले, म्हणजे क्लेब्सिएला, ई. कोलाय, एन्टेरोबॅक्टर, सायट्रोबॅक्टर वगैरे, मेरोपेनेम किंवा एर्टापेनेमला आय (मधलं) किंवा आर आले की लावायचं. एर्टापेनेम महत्त्वाचं आहे. ऑक्सा-४८ मेरोपेनेमला सावकाश फोडतं, त्यामुळे मेरोपेनेमचं वर्तुळ २३ मिलिमीटर भरून ‘एस’ (लागू) येऊ शकतं आणि एर्टापेनेम मात्र आर. तिथे कार्ड लावलं नाही तर तो रुग्ण साध्या वॉर्डात, साध्या बेडवर, दोन रुग्णांच्या मधे पडून राहतो. स्यूडोमोनासवरही लावता येतं. तिथे निगेटिव्ह बरेच येतात, कारण स्यूडोमोनास पुष्कळदा एन्झाइमशिवायच, आत येण्याचं दार बंद करून किंवा औषध बाहेर फेकून, मेरोपेनेमला चुकवतो.

अ‍ॅसिनेटोबॅक्टरवर हे कार्ड लावणं हा पैशाचा अपव्यय. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत सगळ्यात जास्त तोच निघतो, म्हणून आयसीयूकडून मागणी त्याचीच येते. पण त्याचं मुख्य शस्त्र ऑक्सा-२३, आणि कार्डावरची ऑक्साची रेषा ऑक्सा-४८ साठी आहे. नावात ‘ऑक्सा’ दोन्हीकडे असलं तरी प्रतिपिंडाला ती पूर्णपणे वेगळी प्रथिनं दिसतात. कार्ड कोरं येतं आणि रिपोर्टात ‘कार्बापेनेमेज निगेटिव्ह’ छापलं जातं, हे खोटं नसलं तरी खोट्याच्या शेजारीच बसलेलं आहे. अ‍ॅसिनेटोबॅक्टरसाठी अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालेलं सल्बॅक्टम-डर्लोबॅक्टम ऑक्सा-२३ वर चालतं, एनडीएमवर नाही. म्हणजे प्रश्न इथेही तोच, पण ऑक्सा-२३ चं उत्तर द्यायला हे कार्ड नाही.

‘निगेटिव्ह’ या शब्दावर थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. नातेवाइकांच्या आणि कधीकधी घाईत असलेल्या निवासी डॉक्टरच्याही डोक्यात निगेटिव्ह म्हणजे चांगलं. इथे तसं नाही. मेरोपेनेम आर आणि कार्ड निगेटिव्ह याचा अर्थ एवढाच की या पाचांपैकी कुणी सापडलं नाही. पोरिनचं दार बंद करून आत ईएसबीएल घेऊन बसलेला क्लेब्सिएला मेरोपेनेमला तितकाच आर असतो. सेफ्टाझिडिम-अव्हिबॅक्टमला चकवणारे केपीसीचे काही बदललेले प्रकारही कार्डातून निसटतात, आयएमपीचे काही प्रकार जुन्या आवृत्तीत निसटत होते. म्हणून रिपोर्टात नुसतं ‘निगेटिव्ह’ न लिहिता पूर्ण वाक्य लिहावं: ‘केपीसी, ऑक्सा-४८, व्हीआयएम, आयएमपी, एनडीएम आढळले नाहीत, मेरोपेनेम रेझिस्टंटच समजावे.’ कागदावर जागा असते. आणि एनडीएम आलं की फोन करावा. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून निळ्या टिकची वाट बघत बसण्यात वाचवलेली वेळ तिथेच वाया जाते.

वेळ किती वाचते, याचा हिशेब जाहिरातीत नसतो. ‘पंधरा मिनिटं’ हे कॉलनी हातात आल्यानंतरचे. रक्त सोमवारी सकाळी घेतलं, ऑटोमेटेड यंत्रात बाटली सोमवारी रात्री वाजली (जंतू वाढल्याचा इशारा), ग्राम स्टेन झाला, प्लेट पेरली. मंगळवारी सकाळी-दुपारी कॉलनी दिसते. त्याच वेळी सेन्सिटिव्हिटी लावली तर ती बुधवारी सकाळी वाचता येते. कार्ड मंगळवारीच उत्तर देतं. म्हणजे वाचतो तो साधारण एक दिवस. सेप्सिसमधल्या रुग्णासाठी एक दिवस फार मोठा असतो. त्यातूनही वेळ कमी करायचा तर वाजलेल्या बाटलीतून आधीच गरम करून ठेवलेल्या चॉकलेट किंवा ब्लड अगारवर दाट पेरावं. ४ ते ६ तासांत जो पातळ थर येतो, त्यावर कार्ड चालवता येतं. मात्र प्रत्येक लॅबनं माहीत असलेल्या जंतूंवर हे आधी पडताळून घ्यावं. थरातलं माप हलकं झालं तर निगेटिव्हवर विश्वास ठेवता येत नाही. पॉझिटिव्ह आलं तर खुशाल सांगावं.

पण बाटलीच उशिरा आली तर हे सगळं व्यर्थ. नागपूरच्या मोठ्या रुग्णालयांत येणारे अर्धेअधिक गंभीर रुग्ण बाहेरचे: बालाघाट, छिंदवाडा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडून, तिथल्या दवाखान्यात चार दिवस मेरोपेनेम घेऊन आलेले. इथे आल्यावर पहिलं इंजेक्शन चढवायच्या आधी रक्त घ्यायला हवं, आणि घ्यायचं तर पुरेसं. प्रौढाच्या एका बाटलीत ८ ते १० मिलि, दोन वेगवेगळ्या जागांवरून. प्रत्यक्षात येते एकच बाटली, आत ३ मिलि. एवढ्या थोड्या रक्तात जंतू हाती लागेलच असं नाही आणि मग ‘नो ग्रोथ’ हा रिपोर्ट सगळ्यांना सुखावतो. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही. आणि मे महिन्यात पारा ४५ वर असताना रुग्णालयातून लॅबकडे जाणाऱ्या मुलाच्या स्कूटरच्या डिकीतही ठेवायची नाही. डिकीत तासभर राहिलेली बाटली कोणत्या तापमानाला जाऊन आली, हे सांगणं कठीण. थर्माकोलचा डबा, बर्फ न टाकता, आणि दोन तासांच्या आत पोहोच. एवढंच पुरतं, पण एवढंही होत नाही.

कार्डाला पर्याय आहेत. एमसीआयएम ही डिस्क वापरून करायची चाचणी सगळ्यात स्वस्त: २ मिलि ट्रिप्टिक सोय ब्रॉथमध्ये १ मायक्रोलिटर लूपभर जंतू, त्यात मेरोपेनेमची १० मायक्रोग्रॅमची डिस्क, ४ तास ३५ अंशांवर. मग ती डिस्क ई. कोलाय एटीसीसी २५९२२ (मेरोपेनेमला दाद देणारा प्रमाणित जंतू) पेरलेल्या प्लेटवर रात्रभर. वर्तुळ ६ ते १५ मिलिमीटर आलं तर कार्बापेनेमेज आहे, १९ किंवा जास्त तर नाही. दुसऱ्या नळीत ०.५ मोलर ईडीटीए (जस्त धरून ठेवणारं रसायन) २० मायक्रोलिटर टाकून तेच केलं, आणि वर्तुळ ५ मिलिमीटर किंवा जास्त वाढलं, तर एन्झाइम जस्तावर चालणारं. खर्च जवळजवळ डिस्कएवढाच. पण उत्तर दुसऱ्या दिवशी येतं, म्हणजे सेन्सिटिव्हिटीच्याच वेळी. शिवाय आपल्याकडची खरी पंचाईत म्हणजे एनडीएम आणि ऑक्सा-४८ एकत्र असले की ईडीटीए फक्त एनडीएमला थोपवतं, ऑक्सा-४८ काम करतच राहतं, वर्तुळ पाहिजे तेवढं वाढत नाही आणि निकाल फसतो. भारतात नेमका हाच जोडा जास्त, म्हणून कार्डाचं पारडं इथे परदेशापेक्षा जड.

टीबीसाठी घेतलेलं सीबीनॅटचं यंत्र ज्यांच्याकडे आहे, त्यांना त्यावरच कार्बा-आर कार्ट्रिज चालवता येतं. ते जनुक शोधतं, पाऊण-एक तास घेतं, आणि गुदद्वाराच्या स्वॅबवर थेट लावता येतं. हा फायदा कार्डाजवळ नाही. बाहेरून आलेल्या रुग्णाला आयसीयूत घेताना तपासायचं असेल तर कार्ट्रिजच घ्यावं. कॉलनीवर लावायला ते महाग पडतं. मल्टिप्लेक्स पीसीआर पॅनल, वाजलेल्या बाटलीतून तासाभरात जंतू आणि जनुक दोन्ही सांगणारं, उत्तमच आहे. ज्याच्या खिशाला परवडतं त्यानं घ्यावं. माल्डी-टॉफ यंत्र जंतूचं नाव मिनिटांत सांगतं, पण रोजच्या वापरात एन्झाइमचं नाही. तिथे कार्ड जोडीला लागतंच.

एनडीएमची रेषा आली, आता पुढे? अझट्रिओनाम आणि सेफ्टाझिडिम-अव्हिबॅक्टम जोडीनं चालतं का, हे तपासून द्यावं. लॅबचे निकष ठरवणाऱ्या सीएलएसआय या अमेरिकी संस्थेनं २०२४ पासून त्यासाठी साधी नळीतली पद्धत दिली आहे. चार नळ्या, प्रत्येकीत कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण राखलेला म्युलर-हिंटन ब्रॉथ २ मिलि. पहिली रिकामी, दुसरीत अझट्रिओनामची ३० मायक्रोग्रॅमची डिस्क, तिसरीत सेफ्टाझिडिम-अव्हिबॅक्टमची ३०/२० ची, चौथीत दोन्ही. अर्धा-एक तास डिस्कमधलं औषध द्रवात उतरू द्यायचं, मग ०.५ मॅकफार्लंड (गढूळपणाचं माप) इतका जंतूंचा द्रव १० मायक्रोलिटर, आणि रात्रभर ३५ अंशांवर. चौथी नळी स्वच्छ आणि पहिली गढूळ, तर जोडी चालते. डिस्क चिमट्यानं टाकताना तुकडा पडला तर ती नळी फेकावी. चार नळ्या आणि चार डिस्कांचा हा खर्च कुठल्याही लॅबला जड नाही.

ई. कोलायच्या बाबतीत ही नळी टाळूच नये. भारतातल्या एनडीएमवाल्या ई. कोलायमध्ये पीबीपी-३ या प्रथिनात चार अमिनो आम्लांची भर पडलेली बऱ्याचदा आढळते. अझट्रिओनामला धरायची जागाच तिथे बदललेली असते, आणि जोडीला सीएमवाय प्रकारचं एन्झाइम असेल तर अव्हिबॅक्टम असूनही औषध कमी पडतं. कार्ड एनडीएम दाखवेल, तक्ता म्हणेल दोन औषधं द्या, आणि ई. कोलाय दोन्ही पचवेल. क्लेब्सिएलात ही अडचण क्वचित.

कोलिस्टिनचं काय, हा प्रश्न हमखास येतो. डिस्कनं कोलिस्टिन तपासू नये. हा रेणू मोठा, अगारमध्ये नीट पसरत नाही, वर्तुळाला अर्थ नाही. तरी डिस्क लावून ‘कोलिस्टिन एस’ छापणारे रिपोर्ट अजून फिरतात. ब्रॉथमध्येच तपासावं: १० मिलिच्या चार नळ्या, १० मायक्रोग्रॅमच्या डिस्का ०, १, २, ४. आणि सीएलएसआयनं २०२० पासून कोलिस्टिनचा ‘एस’ हा वर्गच काढून टाकला आहे, उरलेत ते ‘आय’ आणि ‘आर’. रिपोर्टात कोलिस्टिनपुढे ‘एस’ दिसला तर लॅब कोणत्या सालचे नियम वापरते, तेवढं विचारून घ्यावं.

रुग्णाच्या नातेवाइकांच्या मोबाइलवर येणाऱ्या बाकी बातम्यांबद्दल थोडक्यात. बॅक्टेरियोफाज, म्हणजे जंतूंना खाणारे विषाणू, ही खोटी गोष्ट नाही. हँकिन यांनी १८९६ मध्ये गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात हे नोंदवलं होतं, जॉर्जियातल्या तिबिलिसीची संस्था १९२३ पासून यावर काम करते, आणि २०१६ मध्ये सॅन दिएगोत अ‍ॅसिनेटोबॅक्टरनं मरणाच्या दारात नेलेला रुग्ण शिरेतून फाज देऊन वाचवला गेला. पण प्रत्येक जंतूसाठी त्याचाच फाज शोधावा लागतो, आणि आज रात्री आयसीयूत असलेल्या रुग्णासाठी तो औषधाच्या दुकानात मिळत नाही. अ‍ॅसिनेटोबॅक्टरच्या बाह्य आवरणाची वाहतूकच थांबवणारं झोसुराबाल्पिन २०२४ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालं, तेही अजून चाचण्यांत. ‘नवीन अँटिबायोटिक सापडलं’ या बातमीपासून दुकानातल्या बाटलीपर्यंत दहा वर्षं सहज जातात.

घ्यावं कुणी? जिच्याकडे आठवड्याला चार-पाच तरी मेरोपेनेम आर क्लेब्सिएला किंवा ई. कोलाय निघतात, आणि जिथे मायक्रोबायोलॉजिस्ट रोज हजर असतो, त्या लॅबनं जरूर. त्याहून कमी काम असेल तर २० कार्डांचा डबा मुदत संपेपर्यंत पुरा होणार नाही. दोन शेजारच्या लॅबनी मिळून एक डबा घेणं बरं, अट एवढीच की बफरची बाटली आणि कार्डं एकाच लॉटची राहावी. फक्त ओपीडीच्या लघवीची कल्चर करणाऱ्या लॅबला याची गरज नाही. एमसीआयएमवर भागतं. आयसीयू असलेल्या रुग्णालयानं लॅब निवडताना मात्र थेट विचारावं: एनडीएमचा निकाल मंगळवारी दुपारी फोनवर सांगाल का? ‘रिपोर्ट पोर्टलवर येईल’ असं उत्तर आलं तर कार्ड असून नसल्यासारखंच.

साठवण ४ ते ३० अंशांत. नागपूरसाठी हा डब्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा, आणि सगळ्यात कमी वाचला जाणारा. एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत कुरिअरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर पडलेलं पार्सल त्या मर्यादेत राहत नाही. वर्षभराचा साठा फेब्रुवारी-मार्चमध्येच मागवावा, नाहीतर विक्रेत्याकडून थंड पेटीत आणून द्यायचं लेखी घ्यावं. लॅबमध्ये रात्री एसी बंद होत असेल तर कार्डं फ्रिजमध्ये, आणि वापरायच्या आधी खोलीच्या तापमानाला अर्धा तास. थंड पाकीट लगेच फोडलं की आतल्या पट्टीवर दव धरतं. पावसाळ्यात पाकीट फोडलं की कार्ड लगेच वापरावं, टेबलावर काढून ठेवू नये. नवीन लॉट आला की आधी एनडीएम पॉझिटिव्ह एटीसीसी बीएए-२१४६ आणि निगेटिव्ह बीएए-१७०६ लावून बघावेत. वापरलेली नळी आणि कार्ड ऑटोक्लेव्ह करूनच पिवळ्या पिशवीत टाकावं, कारण त्या बफरमध्ये सगळेच जंतू मेलेले असतात असं धरून चालता येत नाही.